गोट्यांचा पाट

कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या बारामतीच्या रस्त्यांचा स्वभाव बदलतो. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत मावेना इतका ऊस, आणि टपावर असे काही कर्णे की गाणं आधी येतं आणि ट्रॅक्टर नंतर. सकाळी स्कूटीवरून लॅबला निघाले की मी हमखास अशा एखाद्या ट्रॉलीमागं अडकते. पुढं जायला जागा नसते आणि हॉर्न वाजवून उपयोग नसतो. मग मी हेलकावणारे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बघत मागून सावकाश जात राहते. संध्याकाळी वारा फिरला की मळीचा आंबूस-गोड वास थेट तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत येतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना तो सोसत नाही. मला आवडतो असं मी म्हणणार नाही, पण एखाद्या वर्षी उशिरा आला तर मी गॅलरीचं दार उघडून बघते खरी.

गेल्या आठवड्यात तो आला आणि मला एक जुना हंगाम आठवला. आमच्याकडं वर्षं हंगामांवरून लक्षात राहतात. पाऊस लांबला तो हंगाम, उसाला तोड वेळेवर आली नाही तो हंगाम. माझ्या डोक्यात एका हंगामाचं नाव ‘तात्या माझ्याकडं होते तो’ असं आहे.

तात्या म्हणजे माझे वडील. राहणार बावडा, तालुका इंदापूर. आई गेल्यापासून घरात एकटेच, आणि एकटेपणाची तक्रार कधी केली नाही. शेत वाट्यानं दिलेलं. पण नदीवरून सगळ्यांनी मिळून जी पाइपलाइन आणलीय, तिची मोटर वर्षानुवर्षं तेच सांभाळायचे. नदीचं पाणी मोटरनं उचलायचं, टेकाडावरच्या हौदात टाकायचं, तिथून ढाळानं, म्हणजे उतारानं, ज्याच्या त्याच्या रानात सोडायचं. गावात त्यांना ‘मोटरवालं तात्या’ म्हणत. तर त्या वर्षी दिवाळी सरली, कारखाने सुरू झाले, आणि एका सकाळी तात्यांना उजव्या हातानं चहाचा कप उचलता येईना.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा, आकडा द्यायचा. आकड्याचा अर्थ काय, हे डॉक्टर सांगणार. या कामानं मला एक सवय लागली आहे, कुठल्याही गोष्टीकडं हातभर लांब उभं राहून बघायची. काहीजण त्याला कोरडेपणा म्हणतात. माझा थोरला भाऊ अशोकदादा तोंडावर म्हणतो. तात्यांना झटका आला तेव्हा मी रडले नाही. गाडी ठरवली, त्यांना बारामतीच्या दवाखान्यात आणलं आणि पुढचं एकेक करत गेले. बोलणं वाचलं. पाय वाचले. तोंड जरासं वाकडं झालं होतं, तेही सरळ झालं. उजवा हात तेवढा राहिला. खांद्यातून हलायचा, कोपरात वाकायचा, पण बोटं मिटत नव्हती.

दादा पुण्याला असतो. त्यानं आणि मी फोनवर ठरवलं की तात्यांनी शिमग्यापर्यंत माझ्याकडं राहायचं. तोवर हात आला, शर्टाची बटणं आपली आपण लावता आली, तर बावड्याला सोडायचं. नाही आला तर कायमचं माझ्याकडं. मग ते घर बंद, मोटर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात. हे सांगायचं काम माझ्यावर आलं. तात्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खाली बघतच म्हणाले, “म्हंजी हाताची परीक्षा हाय म्हण की.” आणि उजव्या हाताकडं बघितलं, नापास होणाऱ्या पोराकडं बाप बघतो तसं.

माझ्या घरात त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर लाइटीचा. ती जात नव्हती. बावड्यात शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माणसांचं झोपणं, उठणं, लग्नाला जाणं, सगळं त्या पाळीवर. लाइट आली की हातातलं काम टाकून मोटरकडं पळायचं, हे तात्यांच्या अंगात मुरलेलं. इथं दिवसभर पंखा फिरतोय, फ्रिज गुरगुरतोय, आणि धावत जावं असं काही नाही. “एवढी लाइट हाय, आन करायचं काय हिचं?” असं ते खरोखर काळजीनं विचारायचे.

हात सुधारायला येणाऱ्या फिजिओच्या मॅडम तरुण होत्या आणि कामाला चोख. त्यांनी दोन वाट्या आणि मूठभर काचेच्या गोट्या आणायला सांगितल्या. एका वाटीतली गोटी उजव्या हाताच्या चिमटीत धरायची आणि दुसऱ्या वाटीत टाकायची. सकाळ-संध्याकाळ.

तात्यांनी वाट्यांकडं बघितलं. “ह्या वाटीत काय वाईट हाय गोट्यास्नी?”

“आजोबा, व्यायाम आहे हा.”

“व्हय, पर गोटीला तितं कशाला जायाचं हाय?”

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. मी संध्याकाळी लॅबवरून आले की गोट्या सकाळच्याच वाटीत असायच्या. विचारलं की तात्या म्हणायचे, “केलं की.” त्या माणसानं आयुष्यात कधी विनाकारण काही उचललेलं नव्हतं, आणि आता वय झाल्यावर शिकणार नव्हता.

म्हणून गोटीला जायला जागा करावी, असं माझ्या डोक्यात आलं. घराचं वायरिंग केलं तेव्हा उरलेल्या केसिंगच्या पट्ट्या माळ्यावर पडून होत्या. ती वायर झाकायची पांढरी प्लास्टिकची पट्टी. झाकण काढलं की पन्हाळीसारखी उघडी. एक तुकडा उशीला टेकवला, खाली स्टीलची ताटली ठेवली आणि वरून गोटी सोडली. गोटी सुटली ती ताटलीतून उडून सोफ्याखाली गेली. तात्या वर्तमानपत्र वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, “ढाळ लई दिलास.”

मी उशी थोडी काढली.

“आजून लई हाय. एवढ्या ढाळानं पाणी रान धुऊन न्हेतंय.” मग पेपर घडी न घालताच बाजूला टाकला आणि ते उठून खाली बसले.

त्या दिवसापासून माझ्या हॉलमध्ये काम सुरू झालं. पाठीमागं उभा करायला जुना कॅरमबोर्ड. त्याच्यावर केसिंगच्या पट्ट्या आडव्या, एकीखाली एक, नागमोडी. वळणाला लग्नपत्रिकांचा जाड कागद. त्या वर्षी आलेल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका त्यात गेल्या, आणि गोट्या वधू-वरांच्या नावांवरून वळून पुढं जायच्या. चिकटवायला एम-सील. ते मळून द्यायचं काम माझं, कारण त्याला दोन्ही हात लागतात. मी लॅबवरून आले की हात धुऊन आधी एम-सील मळायचे आणि मग चहा करायचे.

तात्यांची काम करायची पद्धत अशी. पट्टी फरशीवर ठेवायची. मग डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून उचलायचा आणि पट्टीवर आणून ठेवायचा, वजन ठेवल्यासारखा. पट्टी हलेनाशी झाली की डाव्या हातानं ब्लेड चालवायचं. मी समोर बसून त्या उजव्या हाताची बोटं बघत असायची. कधी मिटतात, कधी आवळतात. ती पट्टीवर नुसती पसरलेली असायची. मॅडम आठवड्यानं यायच्या, बोटं वाकवून बघायच्या, आणि माझ्याकडं बघून ओठ मिटून घ्यायच्या. असा चेहरा मला ओळखीचा आहे. रिपोर्ट हातात देताना आम्हीही तसाच करतो.

पण ढाळाचं खरं शिक्षण मला तेव्हा मिळालं. तात्या पट्टी लावायच्या आधी तिच्यावर गोटी ठेवायचे आणि पट्टीचं टोक किंचित खाली न्यायचे, अगदी जेमतेम, गोटी निघावी की नको अशा बेतात येईपर्यंत. तिथं खूण. म्हणायचे, “उचललेल्या पाण्याला ढाळ जपून द्यायचा. उंची फुकट येत न्हाय. लाइट जळती तिच्यापायी.” त्यामुळं आमच्या गोट्या कधी धावल्या नाहीत. चालत यायच्या, बाजाराला निघालेल्या बायांसारख्या, एकीमागं एक.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर भल्या सकाळी उसाला पाणी धरायला जायची. ते वरच्या अंगाला दारं मोडायचे, म्हणजे पाटाची माती खोऱ्यानं ओढून पाणी सरीत सोडायचे, आणि मी सरीच्या दुसऱ्या टोकाला अनवाणी उभी. पाणी पोचलं की ओरडायचं, एवढंच माझं काम. पाणी लवकर यायचंच नाही. आधी मातीचा ओला वास यायचा, मग पाचटाची सळसळ, मग मुंग्यांची धावपळ, आणि मग पाण्याचं तोंड दिसायचं, फेस आणि काड्या पुढं ढकलत हळूहळू येणारं. मधे एखादा खळगा लागला की ते थांबायचं. खळगा भरायचा आणि पुन्हा निघायचं. मी श्वास धरून बघत राहायची. पुढच्या आयुष्यात मी इतकी एकाग्र कशासाठी झाले नसेन.

हेच पाणी तात्यांना गोट्यांच्या बाबतीत नडलं. पाइपलाइनला मोठ्या वळणावर कुंडी बांधतात, पाण्याचा जोर मोडायला. तात्यांनी आमच्या प्रत्येक वळणावर एक कुंडी केली, दह्याच्या डब्याचं बूड कापून. दिसायला फार देखणं काम झालं. पहिली गोटी आली, कुंडीत उतरली, गोल फिरली आणि तळाला जाऊन बसली.

“तात्या, थांबली की.”

“भरू दे. भरली की निघंल म्होरं.”

“ते पाणी न्हाई, गोटी हाय.” बावड्याच्या माणसाशी बोलताना माझी जीभ आपोआप बावड्याला जाते.

“बघत ऱ्हा.”

मी दुसरी सोडली. तीही बसली. आणखी सोडल्या. गंमत म्हणजे शेवटी कुंडी खरोखरच भरली, आणि वरून आलेली एक गोटी बाकीच्यांच्या डोक्यावरून घसरून पुढच्या पट्टीत गेली. तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरीकडं बघितलं. मग दुसरी कुंडी, तिसरी कुंडी. मला दोनदा दुकानात जाऊन गोट्या आणाव्या लागल्या. दुकानदारानं विचारलं, “घरात लहान पोरं आहेत का?” मी हो म्हणाले.

कुंड्यांत बसलेल्या त्या गोट्या कधीच निघाल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, ह्या वाया गेल्या. तात्या म्हणाले, “वाया कुठल्या? मुरल्या. पाटात पहिलं पाणी मुरतंच. त्याबिगार मागचं पोचत न्हाय.” हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता कधी कधी मनात येतं की आई, आजी, गावातली ती सगळी माणसं, जी गाव सोडून कुठं गेली नाहीत, त्यांची नावं मी कुणाला सांगितली तरी कुणाला माहीत नसतात. मी बारामतीत तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचले ती त्यांच्यावरून घसरत. पण हा विचार फार लांबवण्यात अर्थ नाही. सकाळी लॅब असते.

पाट तयार झाला तेव्हा माझा बेत असा होता की खाली आलेल्या गोट्या तात्यांनी उजव्या हातानं एकेक उचलून वर ठेवायच्या. व्यायाम झाला आणि गोटीला जायला जागाही झाली. तात्यांनी एक दिवस ते केलं, डाव्या हातानं. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर ते वैतागून बसले होते.

“हे माणसानं उचलायचं काम हाय व्हय? सोडायचं काम माणसाचं. उचलायचं काम मोटरचं.”

मी व्यायामाचं बोलले. शिमग्याची आठवण दिली. जरा आवाजही चढला असेल माझा. तात्या शांतपणे म्हणाले, “कूलर कुठं हाय तुजा?”

थंडीमुळं कूलर माळ्यावर होता. त्याच्या समोरच्या झडपा डावी-उजवीकडं हलवायला एक चपटी, संथ मोटर असते. ती काढली. डिस्टेंपरच्या बादलीचं मोठं झाकण तिच्यावर चाक म्हणून बसवलं. झाकणाच्या कडेनं पाण्याच्या बाटल्यांची बुचं तिरकी चिकटवली. चाक फिरलं की खालच्या ताटलीतली गोटी बुचात यायची, वर जायची, वर गेलं की बूच कलंडायचं आणि गोटी पहिल्या पट्टीत पडायची. विहिरीवरच्या राहाटाचे लोटे असेच रिते व्हायचे म्हणे. प्लगची वायर मी स्वतः तपासली, टेप गुंडाळली, मगच बटण दाबलं. गोटी वर गेली, पडली आणि चालू लागली. तात्यांनी टोपी काढली, डोक्यावरून डावा हात फिरवला आणि टोपी पुन्हा घातली. मी चहा करायला आत गेले.

मॅडमना मी ते मोठ्या हौसेनं दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, छान आहे म्हणाल्या, आणि मग विचारलं, “पण मग हाताला काम काय उरलं?” त्यांचं चुकलं असं नाही.

मोटरला एक खोड होती. बंद करून पुन्हा चालू केली की कधी सुलटी फिरायची, कधी उलटी. उलटी फिरली की बुचं पालथी, गोट्या जागेवर. तात्यांना हे लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. नदीवरची मोटर उलटी फिरली तर तिच्या तारा अदलाबदल करतात, की ती सुलटी होते. त्यांनी मला तारा बदलायला लावल्या. चालू केली, सुलटी फिरली. “बघ,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. पुन्हा तारा बदलल्या, पुन्हा सुलटी. असं चारसहा दिवस चाललं. छोट्या मोटरला तारांचं काही घेणंदेणं नव्हतं, ती आपल्या मनाला येईल तिकडं फिरत होती. तात्यांनी तिच्याबद्दल जे शब्द वापरले ते इथं लिहिता येणार नाहीत.

आणि लाइट आहे म्हटल्यावर मोटर चालू. बंद ठेवणं त्यांना पाप वाटायचं. सकाळी मी निघताना चालू, संध्याकाळी आले तरी चालू. टक, सर्र, टक. खालच्या मजल्यावरच्या काळेकाकू एक दिवस वर आल्या.

“शैला, अगं दिवसभर गोट्या कोण खेळतंय तुझ्याकडं?”

“तात्या.”

काकू आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि बघायला लागल्या. चहा झाला तरी बसूनच. जाताना म्हणाल्या, “दुपारी जरा बंद ठेवत जा, मी झोपते.” त्यावर तात्या म्हणाले, “दुपारची पाळी बंद, ठरलं. पर सकाळी बंद करायचं न्हाय.” मग काकू रोज सकाळी कामं आटोपून बघायलाच यायच्या. दोघं फारसं बोलत नसत. एका बाजूला काकू, एका बाजूला तात्या, मधे गोट्या.

माझ्या घरात मी एकटीच राहते, बरीच वर्षं. कुलूप उघडून आत आलं की घर सकाळी सोडलं तसंच असतं, हे मला आवडतं असा माझा समज होता. त्या हंगामात जिना चढतानाच दुसऱ्या मजल्यापासून गोट्यांचा आवाज यायला लागायचा, आणि माझी पावलं आपोआप भराभर पडायची. दार उघडंच असायचं. “आलीस व्हय,” असा आवाज यायचा, मान न वळवता. तात्यांनी इथंच राहावं असं मला फार वाटायला लागलं होतं. हात आला नाही तर ते इथंच राहणार होते, आणि मला तर हात यायला हवा होता. या दोन्ही गोष्टी मनात एकदम असू शकतात. रक्तात नाही का, एकाच नमुन्यात एक आकडा वाढलेला असतो आणि दुसरा घटलेला.

माघ सरत आला तसं ऊन तापायला लागलं. एक दिवस चार वाजून गेल्यावर लॅबमधलं मशीन बिघडलं आणि मी लवकर घरी आले. जिन्यात आवाज नव्हता. मी घाबरून दोन-दोन पायऱ्या चढले. दार उघडं होतं. तात्या पाटापुढं मांडी घालून बसले होते, माझ्याकडं पाठ. एक पट्टी निसटली होती, ती बसवत होते. उजवं मनगट पट्टीवर दाबलेलं, कोपरानं कॅरमबोर्ड रेटून धरलेला, दातात टेपचं टोक, आणि डावा हात सगळीकडं फिरत होता. टेप फाडली, लावली. बटण दाबलं. चाक उलटं फिरलं. मी तारा बदलायला पुढं होणार, तेवढ्यात त्यांनी उजवा पंजा उचलला आणि चाकाच्या कडेला नुसता आडवा धरला. बूच पंज्याला अडलं, चाक क्षणभर थबकलं, माघारी फिरलं आणि सुलटं चालू लागलं. हे त्यांना कधी सापडलं होतं कोण जाणे. मला सांगितलं नव्हतं. गोटी वर गेली.

मी दारातच उभी होते. इतके दिवस मी त्या हाताची बोटं बघत होते. हात बघितलाच नव्हता.

मग कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. रस्ते मोकळे झाले, वास गेला, आणि शिमग्याच्या आदल्या रविवारी दादा पुण्याहून आला. जेवणं झाली. दादा तात्यांना म्हणाला, “तात्या, शर्टाचं बटण लावा बघू.” त्याचा आवाज कोरडा नव्हता, उलट त्याला फार जड जात होतं. तात्यांनी डाव्या हातानं काज धरलं आणि उजव्या बोटांनी बटण पकडायचा प्रयत्न केला. बोटं बटणावरून सरकत राहिली. आम्ही दोघं बघत होतो. पंखा फिरत होता. तात्यांनी शेवटी हात खाली ठेवला, आणि डाव्या हातानंच, जरा वेळ लावून, बटण लावलं.

“उजव्यानं, तात्या,” दादा म्हणाला.

“उजवा न्हाय आला,” तात्या म्हणाले. “हितं राहून न्हाय आला. तितं बी न्हाय आला तर काय बिघडलं?”

दादा माझ्याकडं बघायला लागला. रोज जवळ मी होते, तेव्हा सांगायचं मी. ते एकटे पडतील, रात्री काही झालं तर कोण, चूल, आंघोळ, सगळं मला सांगता आलं असतं आणि सगळं खरं होतं. मला हेही माहीत होतं की मी नको म्हटलं तर तात्या वाद घालणार नाहीत. माझ्या घरात ते माझ्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते.

“जाऊ दे त्यांना,” मी म्हणाले.

“अगं, पण हात…”

“हाताचं मी बघितलंय. जाऊ दे.”

दादानं पुन्हा एकदा विचारलं, खात्री आहे का. मी हो म्हणाले. तात्या आपली पिशवी भरायला आत गेले.

पाट त्यांनी नेला नाही. उन्हाळा तापला तशी मी मोटर परत कूलरला लावली आणि ती तिथं नीट चालली. कॅरमबोर्ड पट्ट्यांसकट अजून गॅलरीत उभा आहे, कुंड्यांत मुरलेल्या गोट्या आहेत तशाच. काळेकाकू अधूनमधून त्याच्यावरची धूळ पुसून जातात, मी सांगितलेलं नसताना. तात्या आजही बावड्याला आहेत, एकटे. मोटरचं काम अर्धं-अर्धं दुसऱ्या एकाबरोबर वाटून घेतलंय. फोनवर ते लाइटीच्या पाळीबद्दल बोलतात आणि मी ऐकते.

पण हंगाम परत आला की मला बाकी काही आठवत नाही, आठवतो तो सोडायला गेलो तो दिवस. दादाची गाडी, मागं मी, पुढं तात्या. दोन्ही बाजूला तुटलेल्या उसाची मोकळी रानं, कुठं पाचट जाळून काळी झालेली, कुठं बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी चाललेलं. इंदापुरात चहाला थांबायचं का, दादानं विचारलं. तात्या म्हणाले, “नगं, घरीच घेऊ.” बावड्यात दादा डिकीतून सामान काढत राहिला, आणि मी आणि तात्या दारापर्यंत गेलो. दाराला कुलूप होतं. मी किल्ली पुढं केली, आणि माझ्या लक्षात आलं की मी ती कुलुपात घालायलाच निघाले होते. तात्यांनी ती माझ्या हातातून घेतली.

लोंबतं कुलूप एका हातानं उघडत नाही. ते फिरतं. तात्यांनी ते उजव्या मनगटानं दाराच्या फळीवर दाबलं आणि डाव्या हातानं किल्ली लावायला गेले. कुलूप निसटलं. पुन्हा दाबलं. किल्ली हातातून सुटून पायरीवर पडली. तात्या एक हात चौकटीला टेकत हळूहळू वाकले, ती उचलली, पुन्हा सरळ झाले. मी माझे दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले होते. त्या सबंध हंगामात मी एवढं अवघड काम दुसरं केलं नाही.

कुलूप उघडलं. आत बंद घराचा वास होता. तात्यांनी पायानंच चटई सरकवून दिली. “बस,” म्हणाले. “च्या मी टाकतो.”

मी बसले. ते आत गेले. फळीवर काहीतरी चाचपल्याचा आवाज, डब्याचं झाकण, पाणी. मग स्वयंपाकघरात एक भांडं खणखणत पडलं आणि बराच वेळ फरशीवर फिरत राहिलं. दादा पिशव्या उंबऱ्यातच टाकून धावत आला.

“काय पडलं? तात्या?”

तो आत निघाला होता. मी त्याचा हात धरला आणि त्याला माझ्या शेजारी खाली बसवलं.